वाघासाठी रायफल, डुकरांसाठी भिंत! नेमबाज जिम कॉर्बेट यांनी शेतकऱ्यांसाठी काय केलं?

जयंती विशेष

तलवाडा (ता. गेवराई) : खरिपाचं पीक गुडघ्याला लागलं की आपल्या भागात रात्रीची झोप जाते. मका, भुईमूग आणि उसात रानडुकरं घुसतात. हरणांचा कळप एका रात्रीत मुगाचं, कापसाचं रान साफ करून जातो. कुठं रोही येतात. गोदाकाठच्या उसात अधूनमधून बिबट्या दिसल्याची बातमी उठते आणि रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जायची हिंमत होत नाही. २०२० च्या शेवटी आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. शेवटी शेजारच्या करमाळा तालुक्यात त्याला गोळी घालावी लागली. ते दिवस जिल्ह्यात अजून कोणी विसरलेलं नाही.

असं काही झालं की पारावर एकच विषय निघतो, एक चांगली बंदूक पाहिजे होती. मग कोणती बंदूक, किती लांब मारते, नेम कसा लागतो, यावर रात्र सरते.

या विषयातला सगळ्यात जाणता माणूस कोण, असं विचारलं तर एकच नाव पुढं येतं. ते म्हणजे जिम कॉर्बेट. २५ जुलै ही त्यांची जयंती. माणसं खाणारे वाघ आणि बिबटे मारणारा शिकारी म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांनी कोणती रायफल निवडली, का निवडली आणि स्वतःच्या गावातली पिकं डुकरांपासून कशी वाचवली, हे फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या कामाची गोष्ट तीच आहे.

तारेनं बांधलेली पहिली बंदूक

जिम यांचा जन्म २५ जुलै १८७५ ला नैनितालला झाला. आज ते उत्तराखंडात येतं. वडील तिथं पोस्टमास्तर होते. घरात लेकरं पुष्कळ, म्हणजे मोठं खटलं. जिम सहा वर्षांचा व्हायच्या आतच वडील गेले. आईनं हिमतीनं घर चालवलं. उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात खाली तराईच्या जंगलाला लागून असलेलं कालाढुंगी, असा कुटुंबाचा शिरस्ता होता.

कालाढुंगीला घराच्या मागंच जंगल सुरू व्हायचं. जिम तिथंच वाढला. आधी हातात गलोल आली, मग धनुष्यबाण. पक्ष्यांचे आवाज, वानरांची ओरड, भेकराचं भुंकणं, यावरून वाघ कुठं आहे हे ओळखायला तो लहानपणीच शिकला. धुळीतला माग बघून जनावर कोणतं, कधी गेलं, लंगडतं का, हे सांगायला लागला. आपल्याकडं जुने पारधी माग काढायचे, तीच ही विद्या. कुंवरसिंग नावाचा एक गावकरी चोरून शिकार करायचा. त्याच्याकडूनही जिम बरंच शिकला.

आठ वर्षांचा असताना त्याला पहिली बंदूक मिळाली. स्टीफन डीझ नावाचा एक नातेवाईक कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होता. त्यासाठी पक्षी गोळा करून आणायचं काम त्यानं जिमला दिलं आणि त्याच्याकडं एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक सोपवली. तिची उजवी नळी फाटलेली होती. दस्ता सुटू नये म्हणून पितळी तारेनं बांधलेला होता. चालायची ती फक्त डावी नळी.

अशा बंदुकीनं पोराला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे बार एकच, त्यामुळं नेम लागेल अशी खात्री झाल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. ठासणीची बंदूक परत भरेपर्यंत जनावर थांबत नसतं. दुसरी म्हणजे नीट बार करायचा तर जनावराच्या जवळ जाता आलं पाहिजे. आणि जवळ जायचं म्हणजे बंदुकीच्या आधी पाय, कान आणि डोळे तयार पाहिजेत.

छर्रे आणि गोळी यातला फरक

थोडा मोठा झाल्यावर जिम शाळेच्या कॅडेट तुकडीत गेला. तिथल्या सार्जंट मेजरनं त्याला जंगलात न्यायला मार्टिनी जातीची एक रायफल दिली. ती धक्का जबरदस्त द्यायची, खांदा सुजायचा. पण मारा अचूक होता. याच रायफलनं त्यानं कोवळ्या वयात पहिला बिबट्या मारला.

इथं बंदूक आणि रायफल यातला फरक समजून घेऊ. आपल्याकडं राखणीला जी बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक असायची, तिची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून छर्रे उडतात आणि पसरत जातात. जवळच्या जनावराला ते लागतात. थोडं लांब गेलं की छर्रे विखुरतात, एखादा-दुसरा लागतो आणि जनावर जखमी होऊन पळून जातं.

रायफलच्या नळीत आतून पीळदार आटे पाडलेले असतात. एकच गोळी त्या आट्यांतून जाताना स्वतःभोवती जोरात फिरायला लागते. भोवरा फिरत असला की सरळ उभा राहतो, फिरणं थांबलं की कलंडतो. गोळीचंही तसंच आहे. फिरणारी गोळी डोलत नाही, सरळ रेषेत जाते. म्हणून रायफलचा नेम लांबवर टिकतो.

पण याचीच दुसरी बाजू आहे. चुकलेले छर्रे थोड्या अंतरावर खाली पडतात. रायफलची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. डोंगरात मागं दरड असते, गोळी तिथं अडते. आपल्यासारख्या सपाट रानात, जिथं प्रत्येक शिवारात वस्ती आहे, आखाड्यावर माणसं झोपलेली आहेत, तिथं चुकलेली गोळी कोणाच्या दारात जाईल याचा नेम नाही.

रेल्वेतली नोकरी आणि चंपावतची वाघीण

घरची परिस्थिती बेताची. त्यामुळं जिम यांनी शिक्षण सोडून विशीच्या आतच रेल्वेत नोकरी धरली. पुढं बिहारमध्ये गंगाकाठच्या मोकामा घाट इथं मालाची चढ-उतार करायचं कंत्राट घेतलं आणि सुमारे वीस वर्षं ते काम केलं. सुरुवातीचे काही महिने रेल्वेकडून पुरते पैसे आले नाहीत, तरी एकही मजूर त्यांना सोडून गेला नाही. मजुरांत मिसळून काम करणारा, त्यांची भाषा बोलणारा हा माणूस होता. सुट्टी मिळाली की ते कालाढुंगीला, जंगलात जायचे.

१९०७ साली त्यांना बोलावणं आलं ते चंपावतच्या वाघिणीसाठी. या वाघिणीनं आधी नेपाळात सुमारे २०० माणसं मारली होती. तिथून हाकलल्यावर ती कुमाऊंत आली आणि इथं आणखी २३६ जणांचा जीव घेतला. सरकारी आकडा ४३६ चा. गवत कापायला, लाकडं आणायला जाणाऱ्या बाया यात जास्त होत्या.

कॉर्बेट यांनी काम घेताना दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेलं बक्षीस आधी रद्द करा आणि इतर सगळे शिकारी माघारी बोलवा. पैशासाठी मारणारा ही ओळख त्यांना नको होती. शिवाय जंगलात दहा बंदुका फिरत असल्या तर कोणाची गोळी कोणाला लागेल सांगता येत नाही, हेही त्यांना माहीत होतं.

ते पाली गावात पोचले तेव्हा माणसं दारं लावून घरात बसली होती. पिकं रानात उभी, पण बाहेर पडायची सोय नाही. नुसत्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसेना. मग कॉर्बेट यांनी गावकऱ्यांसोबत जाऊन लांबच्या उतारावरच्या तीन घुरल, म्हणजे डोंगरी रानबकऱ्या, अचूक नेम धरून पाडल्या. गावाला मटण मिळालं आणि साहेबाच्या हातावर भरवसा बसला. त्यानंतर लोक बाहेर पडायला लागले.

पुढं चंपावतजवळ वाघिणीनं एका मुलीला नेलं. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी जवळपास ३०० माणसं गोळा केली. ढोल, डबे, कुऱ्हाडी, जुन्या बंदुका, जे असेल ते घेऊन लोकांनी हाकारा केला. वाघीण दरीत बाहेर आली. कॉर्बेट यांच्याकडं फक्त तीन काडतुसं होती. जास्त लागतील असं वाटलं नव्हतं. तिन्ही संपली. वाघीण घायाळ झाली, पण पडली नाही. एका कातळावर उभी राहून गुरगुरत होती.

कॉर्बेट पळत तहसीलदारांकडं गेले आणि त्यांची बंदूक घेऊन आले. जवळ आल्यावर त्यांनी बंदूक बघितली. नळी आणि मागचा भाग यांच्यात जवळपास एक सेंटिमीटरची फट! बार केला तर बंदूक फुटून डोळे जायची भीती. पण वेळ नव्हता. वीस फुटांवरून त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली ती पुढच्या पंजाला. नशीब इतकंच की आधीच्या गोळ्यांनी वाघिणीचं काम झालेलं होतं, ती तिथंच कोसळली.

विचार करा, हात तोच, डोळा तोच, अंतर अवघं वीस फूट. तरी बंदूक खिळखिळी निघाली म्हणून एवढा मोठा नेमबाज चुकला.

पॉइंट २७५ रिग्बी

या कामगिरीनंतर प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांच्याकडून कॉर्बेट यांना एक रायफल भेट मिळाली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची पॉइंट २७५ बोअरची. दस्त्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख असलेली चांदीची पट्टी होती. पॉइंट २७५ इंच म्हणजे नळीचं तोंड सुमारे सात मिलिमीटर. वाघाच्या शिकारीच्या मानानं ही लहान रायफल. त्या काळी राजे-महाराजे आणि मोठे साहेब वाघावर जाताना जाडजूड नळ्यांच्या, खांदा हलवणाऱ्या रायफली न्यायचे. जेवढी मोठी गोळी तेवढा भरवसा, अशी समजूत होती.

कॉर्बेट यांच्याकडंही एक भारी दुनळी रायफल होती आणि गरज असेल तेव्हा ते ती वापरायचेच. पण पायी हिंडायच्या कामाला हलकी २७५ त्यांच्या फार उपयोगी पडली. याचं कारण त्यांच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. ते हत्तीवर बसून हाकारा करवणारे शिकारी नव्हते. दिवसाला पंधरा-वीस मैल डोंगर तुडवायचे, बहुतेक वेळा एकटे. हातातलं वजन जितकं कमी तितका माणूस संध्याकाळी कमी थकलेला असतो. थकलेला हात थरथरतो आणि थरथरत्या हातात भारी रायफल असली काय आणि हलकी असली काय, गोळी चुकते. शिवाय २७५ चा धक्का कमी. ज्या बंदुकीचा धक्का माणसाला माहीत असतो आणि सोसतो, तिचा घोडा ओढताना तो दचकत नाही. नेम बहुतेक वेळा या दचकण्यानंच जातो.

रातव्याची अंडी आणि एका हातातली रायफल

या हलक्या रायफलची खरी किंमत ११ एप्रिल १९३० ला कळली. चौगडच्या वाघिणीनं पाच वर्षांत ६४ माणसं मारली होती. कॉर्बेट तिच्या मागावर एका ओढ्यातून चालले होते. वाटेत त्यांना रातवा पक्ष्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना लहानपणापासून नाद. त्यांनी ती उचलून डाव्या हातात घेतली. उजव्या हातात २७५.

एका मोठ्या खडकाला वळसा घालून ते पुढं गेले आणि मागं बघितलं, तर आठ फुटांवर वाघीण बसलेली. उडी मारायच्या तयारीत, नजर थेट तोंडावर. झटकन रायफल फिरवली असती तर वाघीण त्याच क्षणी आली असती. कॉर्बेट यांनी एका हातानं, दिसेल न दिसेल अशा बेतानं, रायफल हळूहळू फिरवायला सुरुवात केली. हात भरून आला. तरी रायफल पूर्ण वळेपर्यंत थांबले आणि घोडा ओढला. वाघीण जागच्या जागी मान टाकून पडली.

भारी रायफल एका हातानं अशी फिरलीच नसती. अंडी हातात होती म्हणून हात झटकन हलवायचा मोह झाला नाही, हेही त्यांनी नंतर मान्य केलं. अंडी त्यांनी परत घरट्यात नेऊन ठेवली. थोड्या वेळानं रातवा पुन्हा अंड्यांवर येऊन बसला.

पण याच चौगडच्या गोष्टीत आणखी एक प्रसंग आहे. त्याच्या आदल्या वर्षी या वाघिणीसोबत तिचं वाढलेलं पिल्लू फिरत होतं. दोन्ही जनावरं समोर आली तेव्हा कॉर्बेट यांनी एकीवर गोळी झाडली. ती अचूक लागली. जवळ जाऊन बघितलं तर मेलं होतं ते पिल्लू, आई निसटली होती. ती पुढं वर्षभर माणसं मारत राहिली. रायफल अचूक होती, नेमही बरोबर होता. फक्त जनावर ओळखायला चूक झाली. असली चूक रायफल कितीही भारी किमतीची घेतली तरी ती सुधारून देत नाही.

कामाप्रमाणं हत्यार

कॉर्बेट २७५ चेच भक्त होते असंही नाही. १९१० साली पनारच्या बिबट्यावर गेले तेव्हा त्यांनी छर्र्यांची दुनळी बंदूक घेतली. त्या बिबट्याच्या नावावर ४०० बळी होते आणि तो रात्रीच यायचा. अंधारात रायफलची माशी दिसत नाही. माशी दिसली नाही तर नेम कशाच्या आधारावर धरणार? जवळच्या अंतरावर, अंदाजानं बार करायचा तर पसरणारे छर्रे बरे. बिबट्या पहिल्या बारात जखमी झाला. रात्रीच गावकऱ्यांच्या हातात चिलाटे, म्हणजे जळती लाकडं देऊन कॉर्बेट त्याच्या मागं गेले. बिबट्या अंगावर आला, लोक पळाले, आणि जमिनीवर पडलेल्या चिलाट्यांच्या उजेडात त्यांनी दुसरा बार काढला. जखमी जनावर तसंच सोडून द्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

रुद्रप्रयागच्या बिबट्याची गोष्ट आपल्याकडच्या यात्रेकरूंना जवळची वाटेल. केदारनाथ-बद्रीनाथला जाताना अलकनंदा आणि मंदाकिनीचा संगम लागतो, ते रुद्रप्रयाग. १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत तिथल्या बिबट्यानं सरकारी नोंदीप्रमाणं १२५ माणसं मारली. यात्रेकरू अंधार पडायच्या आत चट्टीवर पोचायला धावायचे. विष घातलं, सापळे लावले, बंदुका बांधून ठेवल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी १९२६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, गुलाबराय इथल्या आंब्याच्या झाडावर कॉर्बेट रात्रीमागून रात्र बसले. खाली गळ्यात घंटा बांधलेलं बोकड आणि रायफलला बसवलेली टॉर्च. घंटा एकदम वाजली, टॉर्चचं बटण दाबलं, माशी बिबट्याच्या खांद्यावर आली, एक गोळी सुटली आणि टॉर्च विझली. सकाळी बिबट्या खाली मरून पडलेला दिसला. त्या जागी आज स्मारक आहे.

नरभक्षक होतो कसा?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कॉर्बेट यांनी मारलेल्या नरभक्षकांची कातडी काढताना ते प्रत्येक जनावर बारकाईनं तपासायचे. चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. फार पूर्वी कोणीतरी झाडलेल्या गोळीनं ते तुटले होते. सुळे नसल्यामुळं तिला हरीण-सांबर धरता येईना, म्हणून ती माणसावर आली. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा गेलेला होता आणि पुढच्या पायात साळिंदराचे पन्नासेक काटे रुतलेले होते.

यावरून कॉर्बेट यांनी निष्कर्ष काढला की वाघ स्वभावानं माणूस खाणारा नसतो. म्हातारपण, साळिंदराचे काटे किंवा कोणीतरी निष्काळजीपणे झाडलेली गोळी, यामुळं तो लाचार होतो. म्हणजे ४३६ माणसांच्या मरणाची सुरुवात एका चुकलेल्या बारापासून झाली. तो बार ज्यानं केला, तो कदाचित घरी जाऊन विसरूनही गेला असेल.

पिकाच्या राखणीला छर्र्यांची बंदूक घेऊन अंधारात आवाजाच्या दिशेनं बार काढणं किती महागात पडू शकतं, ते यातून कळतं. डुक्कर जखमी झालं तर तेही सकाळी उसात दबा धरून बसतं. जखमी डुकराची धडक काय असते हे आपल्या भागातल्या ऊसतोड मजुरांना सांगायची गरज नाही.

स्वतःच्या गावाला बांधली भिंत

१९१५ च्या सुमारास कॉर्बेट यांनी कालाढुंगीजवळचं छोटी हल्द्वानी हे जवळपास ओस पडलेलं गाव विकत घेतलं. तिथं कुळं वसवली, घरं बांधून दिली, पाण्याचे पाट काढले. केळी, मका लावला. अडचण एकच होती, जी आपल्याकडंही आहे. तिन्ही बाजूंनी जंगल आणि रात्री डुकरं, हरणं, साळिंदर पिकात.

आता बघा, देशातला नावाजलेला नेमबाज त्याच गावचा मालक. घरात एकाहून एक सरस रायफली. त्यानं मनात आणलं असतं तर रोज रात्री चार डुकरं पाडली असती. पण कॉर्बेट यांनी ओळखलं होतं की एक मारलं तर जंगलातून दुसरी चार येतात, आणि शेतकऱ्यानं रोज रात्री जागून दिवसा काम कसं करायचं? नरभक्षक हे एक ठरावीक जनावर असतं. ते मेलं की प्रश्न मिटतो. डुकरांचं तसं नाही.

म्हणून त्यांनी स्वतःच्या खर्चानं गाव आणि शेतं मिळून सगळ्या शिवाराभोवती दगडी भिंत घातली. गावकुसासारखी, सुमारे सात किलोमीटर लांब. भिंत झाली आणि पिकं वाचली. गावच्या राखणीसाठी त्यांनी एका विश्वासू माणसाला एक साधी बंदूकही दिली होती. पण मुख्य भरवसा भिंतीवर. त्या भिंतीचे भाग आजही छोटी हल्द्वानीला उभे आहेत, बघायला लोक जातात.

एकट्यानं स्वतःच्या दोन एकराला कुंपण घातलं तर जनावर शेजाऱ्याच्या रानात जातं. छोटी हल्द्वानीत कुंपण एका शेताला नव्हतं, सगळ्या गावाला होतं. आपल्याकडं तार कंपाउंडची चर्चा करताना हे ध्यानात घ्यायला हवं.

लढाया, पुस्तक आणि शेवट

पहिल्या महायुद्धात कॉर्बेट ५०० कुमाऊंनी माणसांची तुकडी घेऊन फ्रान्सला गेले आणि ४९९ जणांना सुखरूप परत आणलं. दुसऱ्या महायुद्धात साठी उलटलेली असताना त्यांनी आपल्या नागपूरच्या पलीकडं, छिंदवाडा इथं सैनिकांना जंगलात कसं राहायचं, माग कसा काढायचा, याचं शिक्षण दिलं. लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा त्यांना तेव्हाच मिळाला.

१९४४ साली त्यांचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक मुंबईतून, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं काढलं आणि ते जगभर गेलं. पहिल्या आवृत्तीचे पैसे त्यांनी युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांच्या संस्थेला दिले. पुढं त्याची मराठीतही भाषांतरं झाली.

वय वाढत गेलं तशी त्यांनी रायफल कमी आणि कॅमेरा जास्त हातात धरला. वाघ कमी होत चालले हे त्यांना दिसत होतं. १९३६ साली देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान कुमाऊंच्या पायथ्याशी सुरू झालं, त्यात त्यांचा मोठा हात होता. त्याच उद्यानाला पुढं त्यांचं नाव दिलं गेलं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली. त्याच वेळी निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपल्या महाराष्ट्रातलं मेळघाट होतं.

त्यांनी लग्न केलं नाही. बहीण मॅगी शेवटपर्यंत सोबत राहिली. १९४७ च्या अखेरीस दोघं देश सोडून केनियाला गेले. जाताना छोटी हल्द्वानीची जमीन त्यांनी कुळांना देऊन टाकली, आणि तिकडून कितीतरी वर्षं त्या जमिनीचा सारा स्वतः भरला. १९ एप्रिल १९५५ ला केनियातल्या न्येरी गावी हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. कुमाऊंतली माणसं त्यांना प्रेमानं कारपेट साहेब म्हणायची. ती २७५ रायफल पुढं फिरत फिरत पुन्हा बनवणाऱ्या रिग्बी कंपनीकडंच पोचली आहे.

आपल्या शिवारात काय करायचं?

काळ बदलला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. रानडुक्कर असो, हरीण असो की रोही, वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा दाखल होतो. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, पण परवाना हातात आहे म्हणून शिकारीची मुभा मिळत नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत.

पिकाचं नुकसान झालं तर फोटो काढून लगेच वनरक्षक किंवा वन परिक्षेत्र कार्यालयाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. उशीर केला की अर्ज अडतो. कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका. त्यात डुकराआधी आपलाच माणूस, नाही तर शेजाऱ्याचं लेकरू सापडतं. बिबट्या दिसला तर जमाव करून मागं लागू नका. रात्री एकट्यानं रानात जाऊ नका, वाकून काम करताना कोणीतरी सोबत ठेवा.

आणि तार कंपाउंड किंवा सौरकुंपण करायचं ठरलं तर शिवारातले चार-सहा शेजारी मिळून करा. खर्च वाटला जाईल आणि जनावर एकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात ढकललं जाणार नाही. ग्रामसभेत हा विषय घेता येतो. पेरण्या उरकल्या आहेत, कणसं भरायला अजून वेळ आहे. ठरवायचं तर हेच दिवस आहेत.